फाल्गुन-चैत्रातल्या तारखा



आपल्या वस्तीत मार्च उजाडला की जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं बाहेर पडतात. १४ एप्रिल १८९१ ही तारीख लहान पोरालासुद्धा पाठ आहे. ११ एप्रिल १८२७, म्हणजे महात्मा जोतीराव फुले यांचा जन्मदिवस, हाही आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे. वैशाख पौर्णिमेचं तर सांगायलाच नको. पण याच अडीच-तीन महिन्यांत आपल्या चळवळीच्या आणखी किती तारखा येऊन जातात, हे आपण कधी एका कागदावर मांडून बघितलं आहे काय?

मी मांडून बघितलं. २१ व २२ मार्च १९२०, माणगाव. १९ व २० मार्च १९२७, महाड. ३ एप्रिल १९२७, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक. २ मार्च १९३०, नाशिक. ९ एप्रिल १९३०, पुन्हा नाशिक. १७ मार्च १९३७, मुंबई हायकोर्ट. २९ एप्रिल १९४७, दिल्लीची घटना समिती. पंचांगाच्या हिशेबाने वसंत ऋतू चैत्र-वैशाखात येतो. पण पळस काही पंचांग बघून फुलत नाही, तो फाल्गुनातच पेटतो. म्हणून या सगळ्यांना मी वसंतातल्या तारखा म्हणतो.

मी सूतगिरणीत तीन पाळ्यांत काम करणारा माणूस. शाळा सातवीपर्यंत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली. ते मिळतील तसे, पाळीवरून आल्यावर वाचले, एवढंच माझं शिक्षण. तेव्हा विद्वत्तेचा आव आणत नाही. या तारखा वाचताना जे ध्यानात आलं ते सांगतो.

हेच दिवस का?

कुणी म्हणेल, हा योगायोग आहे. मला तसं वाटत नाही. आपले आजे-पणजे शेतावर राबणारे, गावकी करणारे लोक. पावसाळ्यात त्यांना गाव सोडता येत नव्हतं. भात झोडून झालं, रब्बीची काढणी उरकली, की थोडी सवड. उघड्यावर झोपता येतं, मांडव गळत नाही, पायवाटा कोरड्या असतात, नदी-ओढे पायी उतरता येतात. कोकणात तर शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येणारच. १९२७ साली महाडची परिषद भरली त्याच आठवड्यात शिमगा झाला होता. सभा घ्यायची तर माणूस जमला पाहिजे, आणि गरीब माणूस जमतो तो याच दिवसांत.

दुसरी गोष्ट पाण्याची. फाल्गुन लागला की विहिरी तळाला जातात. ज्याच्या दारात आड आहे त्याला मार्च महिना उन्हाळ्याची सुरुवात वाटतो. ज्याला दुसऱ्याच्या आडावर लांब उभं राहून कुणीतरी वरून ओतण्याची वाट बघावी लागत होती, त्याला हाच महिना अपमानाचा वाटत असणार. पाण्याचा सत्याग्रह मार्चात झाला, हे मला तरी फार साहजिक वाटतं.

माणगाव

माणगाव आमच्या हातकणंगले तालुक्यातलं. त्या वेळी कोल्हापूर संस्थानात मोडत होतं. तिथं १९२० च्या मार्चमध्ये बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातले एक अठ्ठावीस वर्षांचे प्राध्यापक, भीमराव रामजी आंबेडकर. त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्यांचं ‘मूकनायक’ सुरू झालं होतं. लोकांना त्यांचं नाव अजून नीट माहीत नव्हतं.

परिषदेला छत्रपती शाहू महाराज स्वतः आले. संस्थानचा राजा अस्पृश्यांच्या परिषदेत येऊन बसतो हीच त्या काळी मोठी गोष्ट. त्यांनी भाषणात जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आणि हा माणूस पुढे साऱ्या देशाचा पुढारी होईल. महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव परिषदेने केला. पुढच्या काही महिन्यांतच बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले, आणि ६ मे १९२२ रोजी महाराज वारले. दोघांची गाठ पुढारी म्हणून जनतेसमोर पडली ती या वसंतात.

२०२० साली या परिषदेला शंभर वर्षं झाली. शताब्दीचा दुसरा दिवस, २२ मार्च, नेमका देशभरच्या जनता कर्फ्यूचा दिवस निघाला. जे लोक शंभर वर्षांपूर्वी एकत्र बसायला जमले, त्यांची नातवंडं-पतवंडं त्या तारखेला आपापल्या घरात बसून होती.

महाड

महाडची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. पण ती २० मार्चच्या सकाळी सुरू होत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. बोले भंडारी समाजातले. १९२४ साली महाड नगरपालिकेने या ठरावाला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेत सुरेंद्रनाथ टिपणीस होते, तेही या कामात आपल्या बाजूने उभे राहिले.

म्हणजे कागदावर तळं खुलं होतं. तीन वर्षं खुलं होतं. पण कुणी पाणी भरलं नव्हतं. कायदा झाला म्हणून हात पाण्याला लागत नाही. हात आपणच पुढे करावा लागतो.

१९ मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद सुरू झाली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी गायकवाड, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे अशी माणसं राबत होती. त्यात चित्रे, सहस्रबुद्धे, टिपणीस हे स्पृश्य समाजातले होते, हेही पोरांना सांगितलं पाहिजे. हजारो लोक आले. त्यांना प्यायला पाणी कुठून आणायचं? स्वागत मंडळाला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ज्या गावात खुलं ठरवलेलं तळं भरलेलं होतं, त्याच गावात. मला विचाराल तर त्या सत्याग्रहाचं खरं कारण या चाळीस रुपयांत आहे.

दुसऱ्या दिवशी ठराव झाले, आणि चित्र्यांनी सुचवलं की सगळ्यांनी आता तळ्यावर जाऊ. लोक रांगेने, शिस्तीने निघाले. बाबासाहेब पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी प्याले, मागून लोक प्याले. एवढंच झालं. पण त्यानंतर काय झालं ते आपल्या भाषणांत लवकर उरकलं जातं. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई गावात उठवली गेली. मांडवात लोक जेवत होते, काही गावी परतायच्या तयारीत होते, तेव्हा त्यांच्यावर लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला. अन्न मातीत गेलं. माणसं रक्तबंबाळ झाली. काहींना मुसलमान बांधवांच्या घरांत आसरा मिळाला. जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले लोक होते, लढाई बघितलेले. त्यांनी मनात आणलं असतं तर त्या दिवशी वेगळंच घडलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हात उचलायचा नाही म्हणून सांगितलं. आणि त्यांनी ऐकलं. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मग तळ्याची शुद्धी झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही एकशे आठ घागरींतून ओतलं. ज्या तळ्यावर जनावरं पाणी पितात, ते माणसाच्या ओंजळीने बाटलं! आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला.

या धामधुमीतच, परिषदेनंतर दोन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. महाडला काय घडलं ते आपल्या बाजूने लिहायला आपला कागद पाहिजे होता. डोकं फुटलेल्या माणसाची हकीकत दुसऱ्याच्या वर्तमानपत्रात दुसऱ्यासारखीच छापून येते, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

धोटा

पुढच्याच वर्षीचा वसंत मुंबईच्या गिरण्यांत गेला. एप्रिल १९२८ मध्ये मोठा संप सुरू झाला तो सहा महिने चालला. मी गिरणी कामगार म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचाखात्यात, म्हणजे विणकामात, घेत नव्हते. तिथं पगार जास्त होता. कारण काय? कांडी संपली की नव्या कांडीचं सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागायचं. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा, त्याला सवर्ण कामगार तयार नव्हता. लाल बावट्याखाली बसलेला कामगारसुद्धा तयार नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला, धसास लावला, तेव्हा कुठे तो मागण्यांत आला.

तळ्यावर ओंजळ, गिरणीत धोटा. प्रश्न एकच.

नाशिक

२ मार्च १९३०. नाशिकला पंचवटीत काळ्या पाषाणाचं रामाचं मंदिर. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि हजारोंची, मैलभर लांब, मिरवणूक मंदिराकडे निघाली. दारं बंद करून घेतली गेली. लोक गोदावरीच्या घाटावर गेले, सभा झाली. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसू लागले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ बाया होत्या. त्या पंचवीस बायांची नावं आपल्यातल्या किती जणांना माहीत असतील? भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड या कामाचे कर्णधार. ९ एप्रिलला रथ ओढायचा दिवस आला. दोन्ही बाजूंनी मिळून ओढायचा असं ठरलेलं असताना रथ पळवला गेला, दगडफेक झाली, पुन्हा माणसं रक्ताने न्हाली.

याच वसंतात, २ मार्चनंतर दहाच दिवसांनी, १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले. ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचललं. शाळेच्या पुस्तकात १२ मार्च आणि ६ एप्रिल ठळक असतात. त्यात माझं काही म्हणणं नाही, मिठावरचा कर गरिबालाच लागत होता. पण २ मार्चही त्याच वर्षाची, त्याच ऋतूची तारीख आहे. एकीकडे परक्या सरकारला लोक विचारत होते, समुद्राच्या मिठावर तुझा हक्क कसा? दुसरीकडे आपल्याच देशातल्या माणसांना आपले लोक विचारत होते, देवाच्या दारावर तुमचा हक्क कसा? पहिला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांना दुसरा ऐकूच आला नाही.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. दार उघडलं नाही. ३ मार्च १९३४ रोजी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवसाने, बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ नव्हती. त्यांच्यात जाग यावी, त्यांना आपली खरी स्थिती कळावी, यासाठी ती होती. ते काम झालं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवावी. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची घोषणा झाली. आपण आज या विहारात बसतो त्याची वाट त्या बंद दारावरून आलेली आहे.

जी तारीख आपण विसरलो

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती तारीख. १७ मार्च १९३७.

महाडच्या काही सवर्णांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला होता. तळं खाजगी स्वरूपाचं आहे, अस्पृश्यांनी तिथं न येण्याची रूढी अनादिकाळची आहे, म्हणून त्यांना कायमची मनाई करावी, असं त्यांचं म्हणणं. दोनच दिवसांत तात्पुरती मनाई मिळाली. म्हणून डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेत लोक पाण्याला शिवले नाहीत, २५ तारखेला मनुस्मृती जाळून परतले. मग महाडचं कोर्ट, ठाण्याचं अपील. १९३१ ला निकाल, १९३३ ला निकाल, शेवटी मुंबई हायकोर्ट. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे दुसरं अपील चाललं. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १८ मार्च १९२२ ला अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. कोर्टाने निकाल दिला की तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादिकाळची म्हणून सांगितलेली रूढी सिद्ध होत नाही. अपील फेटाळलं. आपण जिंकलो.

२० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. हिशेब करा, दहा वर्षांना तीन दिवस कमी. एक ओंजळ पाण्याला दहा वर्षं लागली. या दहा वर्षांत गोलमेज परिषद झाली, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. आणि बाबासाहेब एवढ्या सगळ्यात महाडच्या दाव्याची कागदपत्रं, साक्षी, जुने दाखले, अपिलं सांभाळत होते. कोर्टाच्या पायऱ्या चढण्याचे फोटो नाहीत. त्या दिवसांवर गाणी नाहीत. म्हणून आपण विसरलो.

पुढे २९ एप्रिल १९४७ ला घटना समितीने मूलभूत हक्कांच्या मसुद्यात अस्पृश्यता नष्ट केल्याचं कलम स्वीकारलं. आज राज्यघटनेत ते कलम १७. आणि कलम १५ उघडून वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट असे शब्द आहेत. जगातल्या मोठ्या देशाच्या घटनेत तलाव हा शब्द कशाला? सरकारी पैशाने चालणारे, हे बोले ठरावातले शब्दही तिथं जवळपास तसेच भेटतात. ज्याने तो शब्द वाचला आणि ज्याला महाड माहीत आहे, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आपण काय करावं

या तारखा ओळीने मांडल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. यातला एकही दिवस संध्याकाळी संपलेला नाही. माणगावला पुढारी मिळाला, त्याने काय केलं ते पुढच्या छत्तीस वर्षांत दिसलं. महाडचं पाणी दहा वर्षांनी हक्काचं झालं. नाशिकचं दार उघडलंच नाही, पण लोक उठले. वसंतात आपण पेरलं, आणि पीक येईपर्यंत मधली माणसं टिकून राहिली. बहुतेकांची नावं कुठल्याच खंडात नाहीत.

आज जयंतीला आपली पोरं रात्रभर डीजेपुढे नाचतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्याच्या आजाला रस्त्याने बिनघोर चालता आलं नाही त्याच्या नातवाने रस्त्यावर नाचावं, यात मला आनंदच आहे. पण सकाळी त्यातल्या एकाला विचारलं की चवदार तळ्याचा दावा कुणी जिंकला, कधी जिंकला, तर तो गप्प. नाचणं एका रात्रीचं असतं. दावा दहा वर्षांचा असतो. आणि आपल्यापुढे आजही जे प्रश्न आहेत, शिष्यवृत्ती वेळेवर न येणं, भरती बंद असणं, एखाद्या गावात अजूनही स्मशानाच्या वाटेवरून होणारं भांडण, ते दहा वर्षांच्या जातीचे आहेत, एका रात्रीच्या नाहीत.

म्हणून विहार समितीला माझी हात जोडून विनंती आहे. २ मार्चपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत दर संध्याकाळी वंदना झाल्यावर पाच मिनिटं काढावीत. दारातल्या फळ्यावर त्या आठवड्याची तारीख लिहावी आणि वस्तीतल्या एका मुलाने किंवा मुलीने उभं राहून त्या दिवशी काय झालं ते सांगावं. नुसतं त्या दिवशीचं नको, त्यानंतर काय झालं तेही. १७ मार्चला तरी चुकवू नये. पोरगी अडखळली तर अडखळू द्या, आपण कोण मोठे वक्ते आहोत? लागतील ते खंड माझ्याकडे आहेत, कुणीही येऊन घेऊन जावेत, फक्त पानं दुमडू नयेत.

जयभीम. नमो बुद्धाय.